सीनायचा मठ व त्यांतील ग्रंथ

मुंबईहून आगबोटीनें विलायतेस जाणारे आपले लोक सुएझच्या आखातांत शिरले, म्हणजे उजव्या हातास उघडेबोडके, तांबूस रंगाचे डोंगर त्यांच्या दृष्टीस पडत. बहुतेक उतारू त्यांकडे क्षणभर पाहून पुन्हां आपापल्या जागीं जाऊन बसत. कारण त्या डोंगरांवर ना झाड, ना गांव, ना पाण्याचा मागमूस. परंतु त्याच डोंगरांच्या पोटांत, किनाऱ्यापासून पुष्कळ कोस आंत, एक मठ आहे. चौदाशें वर्षांहून अधिक काळ त्यांत यतींची वस्ती व त्यांची नित्याची प्रार्थना चालत आलेली आहे. मोशेला जेथें देवाच्या आज्ञा मिळाल्या असें परंपरा मानते, तो सीनाय पर्वत व त्याच्या पायथ्याशीं असलेला हा संत कॅथरिनचा मठ यांविषयीं आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळीस चार गोष्टी सांगाव्या, असा आमचा हेतु आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आपण कार्ल्याचीं किंवा अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास जातों, तेव्हां तेथील भिक्षु नाहींसे होऊन शेंकडों वर्षें लोटलेलीं असतात. आपण मोठ्यानें बोललों तरी कोणाचें ध्यान मोडत नाहीं, व कोणत्याही कोठडींत डोकावलों तरी कोणी रागावत नाहीं. सीनायच्या मठाची गोष्ट निराळी आहे. तें जुनें आहे खरें, पण तें राहतें घर आहे. तेथें भाकरी भाजली जाते, कपडे वाळत घातलेले असतात, म्हातारे यति आजारी पडतात व तरुण यति त्यांची शुश्रूषा करितात. तेथें जाणारा मनुष्य प्रेक्षक नसून पाहुणा असतो. या मठाच्या इतिहासांत जें कांहीं चांगलें व वाईट घडलें, त्यांतील पुष्कळसें अशा पाहुण्यांच्या वागणुकीमुळेंच घडलें आहे.

मठाच्या स्थापनेची हकीकत थोडक्यांत अशी. चौथ्या शतकांतच कांहीं यति या डोंगरांतील गुहांमध्यें येऊन राहूं लागले होते. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत एगेरिया नांवाची एक स्त्री पश्चिम युरोपांतून यात्रा करीत येथपर्यंत आली, व तिनें येथील यतींचें आणि त्यांच्या बागेचें वर्णन लिहून ठेविलें आहे. पुढें सहाव्या शतकांत कॉन्स्टँटिनोपलचा बादशहा जस्टिनियन यानें येथें तटबंदी व प्रार्थनामंदिर बांधविलें. हें बांधकाम केव्हां झालें तें ठरविण्याची रीत मोठी मौजेची आहे. मंदिराच्या छपराच्या तुळयांवर अक्षरें कोरलेलीं आहेत. एका तुळईवर बादशहाच्या कल्याणासाठीं प्रार्थना आहे. अर्थात् तेव्हां तो जिवंत होता. दुसरीवर त्याच्या राणीच्या आत्म्यास शांति मागितली आहे. अर्थात् ती तेव्हां वारलेली होती. राणी थिओडोरा इ. स. ५४८ मध्यें वारली व बादशहा ५६५ मध्यें; तेव्हां हें काम या सतरा वर्षांच्या आंतलें, हें आपोआप सिद्ध झालें. आणखी एका तुळईवर स्टेफॅनस या बांधकाम करणाऱ्या कारागिराचें नांव आहे. बादशहाच्या पंक्तीस कारागिराचें नांव यावें, ही गोष्ट इतिहासांत विरळाच. त्या प्रदेशांतील हवा इतकी कोरडी आहे कीं, त्याच तुळया आजही छपराचा भार वाहत आहेत.

मठ समुद्रसपाटीपासून सुमारें पांच हजार फूट उंचीवर, एका अरुंद खोऱ्यांत वसलेला आहे. त्याचा तट कठीण दगडाचा असून तो कोठें तीस तर कोठें साठ फूट उंच आहे. लुटारूंच्या भयामुळें या तटाचें मोठें दार पूर्वीं चिणून टाकलेलें असे. पाहुणा आला म्हणजे वरच्या सज्जांतून आधीं एक दोर खालीं येई. त्यास कैरोच्या शाखेकडून आणलेलें ओळखपत्र बांधावयाचें. तें वर ओढून, वाचून, पटलें म्हणजे तोच दोर पुन्हां खालीं येई, व विहिरींतून पोहरा काढावा त्याप्रमाणें पाहुण्यास रहाटानें वर ओढून घेत. एकोणिसाव्या शतकांतील मोठमोठे विद्वान् व सरदार असे दोराला लोंबकळत मठांत शिरलेले आहेत. हल्लीं जमिनीवरील लहानशा दारानें आंत जातां येतें; परंतु तो जुना सज्जा अजून जागेवर आहे.

आंत गेल्यावर बहुतेक लोक प्रथम विचारतात तें जळत्या झुडुपाविषयीं. शास्त्रांत सांगितलें आहे कीं, मोशेनें एक झुडूप पेटलेलें पाहिलें, पण तें जळून राख होत नव्हतें, व त्यांतून त्यास देवाची हांक आली. तेंच हें झुडूप, असें मठांत मानतात. ती गुलाबाच्या कुळांतील एक काटेरी जात आहे. मंदिराच्या मागील बाजूस, जेथें तें पूर्वीं होतें असें सांगतात, त्या जागेवर एक लहान देवघर आहे. तेथें जोडे काढून जावें लागतें, कारण मोशेलाही तशीच आज्ञा झाली होती. युरोपांतील प्रवाशांस याचें नवल वाटतें. आपल्या मुलांस तें सांगावयास नको.

तटाच्या आंत प्रार्थनामंदिरापासून कांहीं पावलांवर एक मशीद आहे, व तिचा मिनार आणि ख्रिस्ती मंदिराचा घंटामनोरा एकाच दृष्टिक्षेपांत दिसतात. सातव्या शतकांत हा सर्व मुलूख मुसलमानांच्या अमलाखालीं आला. मठांत एका फर्मानाची प्रत आहे. तींत प्रेषित महंमदांनीं या यतींस अभय दिल्याचें लिहिलेलें असून सहीच्या जागीं पंजाचा ठसा आहे. मूळ फर्मान सुलतान सलीम यानें १५१७ सालीं इजिप्त जिंकल्यावर कॉन्स्टँटिनोपलास नेलें, असें मठवासी सांगतात. त्याच्या अस्सलपणाविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु एकामागून एक आलेल्या सुलतानांनीं तें प्रमाण मानिलें व मठास धक्का लाविला नाहीं, यांत संशय नाहीं. मशीद फातिमी राजवटीच्या काळांतील आहे. ती भोंवतालच्या जबालिया नांवाच्या अरब टोळीच्या उपयोगी पडे. या टोळीचे पूर्वज जस्टिनियननेंच मठाच्या सेवेसाठीं व रक्षणासाठीं पाठविले होते. पुढें ते मुसलमान झाले, पण मठाची सेवा त्यांनीं सोडली नाहीं. आजही बागेंत काम करणारे व यात्रेकरूंस डोंगरावर नेणारे लोक पुष्कळ अंशीं त्याच टोळीचे आहेत.

मठवासी ग्रीक पंथाचे असून त्यांची संख्या आज वीसपंचवीसच्या आसपास आहे. पहांट होण्यापूर्वींच लाकडाच्या लांब फळीवर हातोडीनें ठोके पडतात, घंटा वाजते, व अंधारांत प्रार्थनेस आरंभ होतो; सूर्य वर येईपर्यंत ती चालते. मग ज्याचें त्याचें काम: कोणी स्वयंपाकघरांत, कोणी पाहुण्यांकडे, कोणी ग्रंथालयांत. संध्याकाळीं पुन्हां प्रार्थना. तटाबाहेरील बागेंत ऑलिव्ह, बदाम व जर्दाळू यांचीं झाडें आहेत. ज्या मुलुखांत वर्षाकाठीं दोनचार सरी पडल्या तर पडल्या, तेथें ही बाग पिढ्यानपिढ्या राखणें हें किती कष्टाचें काम असेल, हें आमच्या दुष्काळी भागांतील पालकांस सहज समजेल.

त्याच बागेंत मठाची दफनभूमि आहे, व ती फारच लहान आहे. म्हणून यति वारल्यावर त्यास कांहीं काळ तेथें पुरतात, व पुढें त्याच्या अस्थि काढून जवळच्या तळघरांत इतर यतींच्या अस्थींत ठेवितात. तेथें कवट्यांची एक मोठी रास आहे. दाराशीं, यतीचा वेष घातलेला एक सांगाडा बसलेला आहे. तो स्टीफन नांवाच्या यतीचा. सहाव्या शतकांत पर्वताच्या वाटेवर बसून तो वर जाणाऱ्या यात्रेकरूंची विचारपूस करीत असे. तळघरांतही तो द्वारपाळाप्रमाणेंच बसविलेला आहे. लहान मुलांस हें ऐकून भय वाटेल. पण ज्या यतीला आपल्या अस्थि कोठें जाणार हें रोज दिसतें, त्याची भीति केव्हांच मोडलेली असावी.

प्रतिमांविषयीं दोन शब्द सांगून आम्ही पुढें जातों. आठव्या व नवव्या शतकांत कॉन्स्टँटिनोपलच्या राज्यांत बादशाही हुकुमानें ख्रिस्ती धर्मचित्रांचा नाश करण्यांत आला. सीनायचा मठ त्या वेळीं मुसलमानी अमलाखालीं असल्यामुळें तो हुकूम येथें पोहोंचूं शकला नाहीं, व जीं प्राचीन चित्रें इतरत्र नाहींशीं झालीं, तीं येथें राहिलीं. मेणांत रंग कालवून काढलेलें ख्रिस्ताचें सहाव्या शतकांतील एक चित्र त्यांपैकींच आहे. मठांत अशीं लहानमोठीं सुमारें दोन हजार चित्रें आहेत.

आतां ग्रंथालयाकडे वळूं. कारण या मठाची खरी संपत्ति तेथें आहे. ग्रीक, अरबी, सिरियाक, जॉर्जियन, स्लाव्ह इत्यादि भाषांतील तीन हजारांहून अधिक हस्तलिखितें तेथें आहेत. व्हॅटिकन सोडल्यास प्राचीन ख्रिस्ती हस्तलिखितांचा एवढा संग्रह दुसरीकडे नाहीं.

सन १८४४ मध्यें टिशेनडॉर्फ नांवाचा एक तरुण जर्मन पंडित येथें आला. त्यास चर्मपत्रावर लिहिलेलीं ग्रीक शास्त्राचीं कांहीं पानें दिसलीं. त्यानें पुढें असें लिहिलें कीं, तीं पानें जाळण्यासाठीं टोपलींत टाकलेलीं होतीं, व आपण तीं वांचविलीं. मठवासी हें मुळींच मान्य करीत नाहींत. आम्हांसही ही गोष्ट पचत नाहीं. ज्यांनीं हजारों पोथ्या शतकानुशतकें सांभाळल्या, त्यांनीं हीच तेवढी चुलींत घालावी, हें संभवत नाहीं. असो. त्यानें त्यांतील ४३ पानें आपल्या देशीं नेलीं, व तीं आज लाइप्झिग येथें आहेत. १८५९ सालीं तो रशियाच्या झारचा आश्रय घेऊन पुन्हां आला. निघण्याच्या सुमारास मठाच्या कारभाऱ्यानें आपल्या कोठडींतून तांबड्या फडक्यांत बांधलेली एक पोथी काढून त्याच्या पुढें ठेविली. तींत ३४७ पानें होतीं. तींत संपूर्ण नवा करार होता, व जुन्या कराराचाही मोठा भाग होता. चौथ्या शतकांत लिहिलेली ही पोथी. संपूर्ण नवा करार असलेली इतकी जुनी दुसरी पोथी जगांत नाहीं. बहुतेक पानांवर चार स्तंभ, अक्षरें सुबक व मोठीं, आणि शब्दाशब्दांत जागा मुळींच सोडलेली नाहीं. आपल्याकडील जुन्या पोथ्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस ही रीत ओळखीची वाटेल.

ती पोथी प्रत करून घेण्यासाठीं प्रथम कैरोस व मग सेंट पीटर्सबर्गास गेली. नेतांना टिशेनडॉर्फनें २८ सप्टेंबर १८५९ रोजीं मठास एक पावती लिहून दिली. ही पोथी उसनी घेतली आहे व मागतांच सुखरूप परत केली जाईल, असा तिचा आशय. पोथी परत आली नाहीं. दहा वर्षांनीं, १८६९ मध्यें, मठानें ती झारला अर्पण केल्याचा लेख झाला, व मठास ९,००० रुबल आणि कांहीं मानचिन्हें मिळालीं. तें अर्पण राजीखुशीचें होतें कीं दाबाखालचें, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. मालकाची वस्तु त्याच्या हातीं नसतां त्याच्याकडून दान लिहून घेणें हें सरळ दिसत नाहीं, एवढें आम्ही म्हणतों. पुढें रशियांत राज्यक्रांति झाली, व १९३३ सालीं तेथील नव्या सरकारनें ती पोथी एक लाख पौंडांस ब्रिटिश म्युझियमला विकली. निम्म्याहून अधिक रक्कम इंग्लंडांतील सामान्य लोकांच्या वर्गणींतून उभी राहिली. ती पावती मात्र मठाच्या दप्तरांत अजून जपून ठेविलेली आहे.

हिच्या अगदीं उलट दुसरी हकीकत आहे, ती दोघां स्त्रियांची. अ‍ॅग्नेस लुईस व मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणी स्कॉटलंडच्या. त्या केंब्रिजला राहत, पण त्या काळीं तेथील विश्वविद्यालय स्त्रियांस पदवी देत नसे. अ‍ॅग्नेसबाई ग्रीक उत्तम बोलत. सीनायला जाण्यापूर्वीं त्यांनीं सिरियाक भाषाही शिकून घेतली, व दोघींनीं फोटो काढण्याची कला आत्मसात् केली. १८९२ च्या आरंभीं पन्नाशीला टेकलेल्या या बहिणी वाळवंटांतून उंटांवर बसून मठांत पोहोंचल्या. त्यांच्या हातीं एक मळकट पोथी आली. तिचीं पानें एकमेकांस चिकटलेलीं होतीं. बाईंनीं चहाच्या किटलीची वाफ देऊन तीं सोडविलीं. वरवर पाहतां तींत साध्वी स्त्रियांचीं चरित्रें होतीं. पण बाईंच्या दृष्टीस त्या ओळींच्या आड दुसऱ्या, फिकट ओळी पडल्या. आपल्याकडे मुलें धुळपाटीवरील अक्षरें पुसून त्याच पाटीवर पुन्हां लिहीत. त्याप्रमाणें चर्मपत्र महाग असल्यामुळें जुनें लिखाण खरवडून त्यावर नवें लिहीत असत. खालचें लिखाण निघालें तें सिरियाक भाषेंतील चारी शुभवर्तमानांचें, व तें अतिशय प्राचीन! बहिणींनीं पानापानाचे फोटो घेतले आणि पोथी होती तेथें ठेवून त्या घरीं गेल्या. दुसऱ्या वर्षीं केंब्रिजच्या पंडितांस बरोबर घेऊन त्या परत आल्या, व मठांतच बसून त्या मंडळीनें खालचा मजकूर उतरवून घेतला. इतकेंच नव्हे, तर मठाच्या सिरियाक व अरबी पोथ्यांची यादीही या दोघींनीं तयार केली. ती पोथी आज मठांतच आहे, व तिच्यावांचून कोणत्याही अभ्यासकाचें कांहीं अडलें नाहीं.

सन १९७५ मध्यें मठाच्या उत्तरेकडील तटांतील एक बुजलेली खोली साफ करतांना हस्तलिखितांचे आणखी शेंकडों तुकडे व गठ्ठे निघाले. त्यांत टिशेनडॉर्फनें नेलेल्या त्याच पोथीचीं बारा पानें व कांहीं तुकडे होते. म्हणजे ती पोथी आज चार ठिकाणीं विभागलेली आहे: लंडन, लाइप्झिग, सेंट पीटर्सबर्ग व सीनाय. २००९ सालीं या चारी ठिकाणच्या पानांचीं छायाचित्रें एकत्र करून इंटरनेटवर सर्वांस खुलीं करण्यांत आलीं. आमचे विद्यार्थीही घरबसल्या तीं पाहूं शकतील. २०११ पासून मठांतील खरवडलेल्या पोथ्यांवर निरनिराळ्या रंगांचा प्रकाश पाडून त्यांचीं छायाचित्रें घेण्याचें मोठें काम कित्येक वर्षें चाललें, व डोळ्यांस न दिसणारीं अक्षरें वाचतां येऊं लागलीं. कॉकेशस पर्वताकडील एक नष्टप्राय झालेली भाषा अशाच खालच्या लिखाणामुळें पुन्हां वाचनांत आली आहे. हें सर्व पोथी मठाबाहेर न नेतां झालें, हें विशेष.

पाहुण्यांचा प्रश्न आज निराळ्या रूपानें मठापुढें उभा आहे. २००२ सालीं युनेस्कोनें या स्थळाचा जागतिक वारशांत समावेश केला. परंतु अलीकडे त्या खोऱ्यांत इजिप्त सरकारनें मोठमोठ्या खानावळी, रस्ते व प्रवासी वसाहती बांधण्यास प्रारंभ केला आहे. त्यांतच मे २०२५ मध्यें तेथील एका न्यायालयानें असा निकाल दिला कीं, मठाच्या ताब्यांतील जमिनीची मालकी सरकारची असून मठवाशांस फक्त तिचा उपयोग करण्याचा हक्क आहे. सरकारनें मठाचें पावित्र्य अबाधित राहील असें आश्वासन दिलें. ग्रीस देशानें मात्र तीव्र नापसंती दर्शविली. ज्या वाळवंटांत एकांतासाठींच यति आले, तेथें हजारोंच्या निवासाची सोय झाली, तर एकांत कोठें राहणार, ही मठवाशांची चिंता आम्हांस रास्त वाटते. तथापि, पाहुण्यांच्या येण्यानें जबालिया लोकांच्या घरीं चूल पेटते, हेंही विसरून चालणार नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कोणास तेथें जाण्याचा योग आलाच, तर त्यानें एवढें जाणून असावें. मठ सकाळचे दोनतीन तासच उघडा असतो, व रविवारीं आणि सणांच्या दिवशीं बंद असतो. म्हणून आधीं चौकशी करून जावें. अंगभर वस्त्रें असावींत. मंदिरांत फोटो काढण्यास मनाई आहे. यतींचे फोटो त्यांच्या संमतीवांचून घेऊं नयेत. तटाला लागून यात्रेकरूंसाठीं एक विश्रामगृह आहे. पर्वतशिखर सुमारें साडेसात हजार फूट उंच असून वर जाण्यास दोन वाटा आहेत: एक उंटांची, लांब व सोपी, दुसरी यतींनीं रचलेल्या दगडी पायऱ्यांची, व त्या पायऱ्या ३,७५० आहेत असें सांगतात. लोक बहुधा मध्यरात्रीनंतर निघून उजाडण्यापूर्वीं माथा गांठतात. वर थंडी कडक असते. हिवाळ्यांत बर्फही पडतें. तेव्हां घोंगडी बरोबर असूं द्यावी, व उतरतांना पायऱ्यांच्या वाटेनें उतरावें, म्हणजे त्या वाटेनें खालीं येतां येतां संपूर्ण मठ, त्याची बाग व दफनभूमि एकदम दृष्टीस पडते.